डाव्या खांद्यावरचा फोन

कडक भाकरी करून विकणाऱ्या बाईलाच कडक भाकरी चावता येईना, ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. सांगणार तरी कशी? आमच्या फाटकावर पाटी आहे, ‘घरगुती कडक भाकरी व शेंगाचटणी मिळेल’. पुण्या-मुंबईला परत निघालेली माणसं स्टेशनवर जायच्या आधी आमच्याकडे थांबतात, पाकिटं हलवून बघतात आणि मागच्या वेळेसारखीच कुरकुरीत आहे ना, म्हणून मलाच विचारतात. अशा वेळी मी गालावर पदर दाबून उभी राहिले असते तर सोलापुरात दोन दिवसांत बातमी झाली असती की त्या बाईची भाकरी खाऊन तिचाच जबडा गेला. म्हणून मी हसून हो म्हणायची आणि हसतानाही डावीकडून जरा कमीच हसायची.

सुरुवात जबड्यापासून झाली. कानाच्या पुढं, तोंड उघडताना हाड हलतं तिथं, तुकडा दाढेखाली गेला की कळ यायची. दुपारपर्यंत ती कळ कानशिलात चढायची आणि मग डाव्या डोळ्याच्या मागं जाऊन बसायची. एकदा बसली की उठायचं नाव नाही. संध्याकाळी दिवा लावताना ज्योतीकडे बघवायचं नाही. उजवी बाजू मात्र अगदी शहाण्या मुलीसारखी गप्प. दोन्हीकडे दुखलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. एकाच बाजूला दुखतं, आणि तेही डाव्या, याचीच मला भीती होती, कारण माझ्या थोरल्या बहिणीचंही तसंच दुखायचं.

अक्काला मैंदर्गीतच दिली होती, आमच्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांनी मिळून पित्त ठरवलं. कोकम झालं, आवळा झाला, चष्म्याचा नंबर बदलून झाला. अव्वा, म्हणजे आमची आई, तिला समोर बसवून तेल लावायची. वर्षभर हे चाललं. मग एक दिवस भांडी घासता घासता अक्का पडली. तिला सोलापूरला आणून डोक्याचा फोटो काढला, तर मेंदूत गाठ. त्यानंतरची दिवाळी तिनं पाहिली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात डोकेदुखी ही साधी डोकेदुखी राहिलेली नाही. कुणी कपाळाला बाम चोळला तरी बाकीचे बोलायचे थांबतात. भाऊ तर जाहिरातीत कुणी डोकं धरून बसलेलं दिसलं तरी चॅनेल बदलतो.

अक्का गेल्यानंतर मी अव्वाला रोज सकाळी फोन करायला लागले. अक्का असताना ती देवपूजा झाली की अव्वाकडे डोकावून जायची, आणि ती वेळ आता अव्वाला खायला उठायची. म्हणून त्याच वेळी माझा फोन. अव्वा कानडीत सुरू करते, ‘ऊटा आत?’ म्हणजे जेवण झालं का, मग सकाळचे साडेसात वाजलेले का असेनात. त्यानंतर पाऊसपाणी, गुडघे, आणि मग आवाज बारीक करून वहिनीचं गाऱ्हाणं. वहिनी तशी चांगली आहे, पण चांगल्या सुनेचंही गाऱ्हाणं केल्याशिवाय सासूचा दिवस उगवत नाही. फोनला जरा उशीर झाला तर अव्वा शेजारच्या दुकानदाराकडून माझ्या नवऱ्याला फोन लावून घेते आणि ‘ती बरी हाय न्हवं?’ एवढंच विचारून ठेवते. ती कधी बोलून दाखवत नाही. पण तिला रोज काय ऐकायचं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. राहिलेली एक जागेवर आहे ना, एवढंच.

आता अडचण अशी की हीच वेळ माझ्या भाकऱ्यांची. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळलं की त्याला थांबवून चालत नाही. गार झालं की कडा फाटतात. दोन्ही हात परातीत, समोर तवा, बाजूला भाजून झालेल्या भाकऱ्या मंद आचेवर कडक व्हायला उभ्या केलेल्या. मग फोन धरणार कशानं? खांद्यानं. डावा खांदा वर उचलायचा, मान त्याच्यावर कलती करायची आणि मधे फोन दाबून ठेवायचा. हे करत मी अर्धा-पाऊण तास थापते, भाजते, उलटते आणि मधे मधे हूं हूं म्हणते. वर्षानुवर्षं.

स्पीकर लावता येत नाही. आमच्या घरी सगळ्यांनाच कानडी कळतं, आणि मला मदतीला येणारी बाई नेमकी वहिनीच्या माहेरच्या गल्लीतली. अव्वानं सकाळी वहिनीविषयी काही बोलावं आणि ते संध्याकाळच्या आत फिरून मैंदर्गीला पोचावं, एवढा सरळ रस्ता. एकदा मी चोरून स्पीकर लावला, तर पलीकडून अव्वा लगेच म्हणाली की तुझा आवाज लांबून येतोय, मला परातीत ठेवलंस का. पुढचे दोन दिवस ती फक्त पावसाबद्दल बोलली. लेकानं पुण्याहून कानात घालायच्या त्या बिनवायरच्या गोळ्या पाठवल्या होत्या. त्यातली एक पहिल्याच दिवशी पिठात पडली. गिऱ्हाईकाच्या दाताखाली यायच्या आधी सापडली हे नशीब. त्यानंतर डबी कपाटात.

तर असं सगळं चाललं होतं, आणि जबडा दुखत होता. माझ्या डोक्यात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध यायचं काही कारणच नव्हतं. मान तर माझी दुखतच नव्हती. जरा आखडायची, पण या वयात न आखडणारी मान कुणाची असते?

सगळ्यात आधी नवऱ्याच्या लक्षात आलं. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी होटगी जंक्शनला गेली. सिग्नलवर नजर ठेवायची सवय अजून सुटलेली नाही. एके दिवशी जेवताना मी भाकरी दुधात कुस्करून घेतली. सोलापूरच्या माणसानं कडक भाकरी दुधात भिजवली म्हणजे समजावं की एक तर दात गेले, नाही तर उमेद गेली. यांनी माझ्या ताटाकडे बघितलं आणि विचारलं, काय होतंय. मी म्हटलं, दाढ. ते म्हणाले, मग दाखव. मी म्हटलं, बघू. हे दोनदा झालं, तिसऱ्यांदा त्यांनी स्कूटर काढली आणि दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

त्या डॉक्टरनं फोटो काढला, आरशानं सगळीकडे डोकावून पाहिलं, छोट्या दांड्यानं एकेक दाढ वाजवली आणि म्हणाला, तुमचे दात ठणठणीत आहेत. दुसऱ्या बाईला आनंद झाला असता. मला घाम फुटला. मी मनाशी ठरवून आले होते की दाढ किडलेली असणार. किडलेली दाढ म्हणजे किती चांगली गोष्ट. ती दिसते, ती काढता येते, तिनं कुणी मरत नाही. दाढ चांगली असेल तर मग दुखतंय ते काय? याचं उत्तर मला नको होतं. डॉक्टर आणखी काही तरी सांगत होता, जबड्याच्या सांध्याबद्दल, की मानेच्याही तपासण्या करून घ्या. मी ऐकलंच नाही. बाहेर येऊन यांना सांगितलं, दाढेवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

आणि पुढच्या आठवड्यात मी एकटीच रिक्षा करून दुसऱ्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. वेड लागल्यासारखंच होतं ते. त्याला म्हटलं, शेवटून दुसरी, हीच, सहन होत नाही, काढून टाका. त्यानं आधी मूळ साफ करून दाढ वाचवू म्हटलं. मी म्हटलं, वाचवू नका. माझा चेहरा बघून त्याची खात्री पटली असावी. दाढ काढली. ट्रेमध्ये ठेवलेली ती दाढ मी वाकून पाहिली. पांढरी, आखूड, मुळांसकट धडधाकट, ज्वारीच्या कणसातल्या भरल्या दाण्यासारखी. किडीचा एक ठिपका नव्हता. मी इतकी वर्षं भाकऱ्या पारखल्यात, चांगलं काय आणि बिघडलेलं काय ते मला बघूनच कळतं. ती दाढ चांगली होती.

भूल उतरली तसा दाढेच्या जागेचा ठणका सुरू झाला आणि त्याच्या शेजारी, अगदी पूर्वीसारखीच, ती जुनी कळ डोळ्यामागं येऊन बसली. तेव्हा मला खरी भीती वाटली. आतापर्यंत मी भीतीला दाढेचं नाव देऊन गप्प बसवलं होतं. आता दाढही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. गाल सुजलेला, बोलताना शब्द घसरत होते. फोन डाव्या बाजूला धरवेना, तरी सवयीनं खांदा तिकडेच गेला. अव्वानं ऊटा आत विचारलं आणि मी काही तरी बोलले. ती थांबली. तुझा आवाज असा का येतोय, म्हणाली. मी सांगितलं की जीभ चावली. जीभ चावली तर असा आवाज येत नाही, हे तिलाही माहीत आणि मलाही. पण त्या दिवशी तिनं वहिनीचं गाऱ्हाणंही केलं नाही. फोन ठेवल्यावर मला वाटलं, यापेक्षा तिनं वहिनीला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी रोज आरशापुढं उभी राहून डावा डोळा झाकायची आणि कॅलेंडरवरची तारीख वाचायची, मग उजवा झाकायची. अक्काला शेवटी दोन दोन दिसायचं. कढईचा दांडा धरताना हात चुकला की मी तिथंच थांबायची, हात उघडून मिटून बघायची. मदतीची बाई माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघायला लागली. भाकरी करपली तरी मला भीती, वास वेळेवर आला नाही म्हणून. देवापुढं बसले की काय मागावं तेही सुचायचं नाही. मला मरणाची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, होतीच. पण तिच्याहून मोठी भीती अशी होती की हे अव्वाला सांगावं लागेल. एकदा तिनं ते ऐकलेलं आहे. दवाखान्याच्या पायरीवर बसून ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर ‘बरं’ म्हणाली. माझ्या वेळी ती पुन्हा ‘बरं’ म्हणेल, या विचारानं मला रडू यायचं.

शेवटी यांनीच कोंडी फोडली. मी भाकऱ्यांची पाकिटं भरत होते, ते येऊन समोर बसले आणि म्हणाले, “दाढ काढून आलीस आन मला सांगितलं न्हाईस. तुज्या मनात काय हाय ते मला म्हाईत हाय. माज्याबी मनात तेच हाय. आता फोटो काढून येऊ, काय असंल ते असंल.”

त्यांच्याही मनात तेच होतं, हे ऐकून मला बरंही वाटलं आणि जास्तच भीतीही वाटली. एकटीची शंका म्हणजे वेड, दोघांची म्हणजे जवळजवळ खरीच.

मेंदूच्या डॉक्टरनं तपासलं आणि डोक्याचा, मानेचा फोटो काढायला पाठवलं. त्या भुयारासारख्या यंत्रात आडवं घातल्यावर कानाशी ठोकाठोक सुरू झाली. मी डोळे मिटून मनातल्या मनात भाकऱ्या थापत राहिले. अक्काही याच्यातूनच गेली असणार, हा विचार येऊ नये म्हणून एकेक भाकरी अगदी सावकाश थापली. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. ती दुपार आम्ही दोघांनी दवाखान्यासमोरच्या टपरीवर काढली. यांनी चहा मागवला, दोघांचाही गार झाला, त्यांनी पुन्हा मागवला. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं की काही निघालं तर अव्वाला कोण सांगणार. ते म्हणाले, मी सांगतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं माझ्यासाठी यापेक्षा मोठं काही कबूल केल्याचं मला आठवत नाही.

रिपोर्ट चांगला होता. डोक्यात काही नव्हतं. डॉक्टरनं ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी नुसतीच बघत बसले होते. मग ते म्हणाले की तुमच्या मानेच्या अगदी वरच्या भागातून हे येत असावं, फिजिओथेरपिस्टकडे जा. मी बाहेर आले. आनंद व्हायला हवा होता, पण मला लगेच दुसरी शंका आली. मान तर दुखत नाही. मग हे मानेतून कसं? म्हणजे यांना सापडलंच नाही की काय? अक्काच्या वेळीही सगळे किती खात्रीनं पित्त म्हणत होते. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही, रिपोर्ट हातात असताना तो माझ्या मागं मागं घरी आला.

फिजिओथेरपीची डॉक्टर अकलूजकडची एक तरुण मुलगी निघाली. मला काकू म्हणायची. तिनं मान इकडून तिकडे फिरवायला लावली. उजवीकडे फिरली, डावीकडे अर्ध्यातच अडकली. मला आजवर ते कळलंच नव्हतं, कारण डावीकडे बघायचं तर मी सगळं अंगच वळवत होते. मग तिनं विचारलं, काम काय करता. मी सांगितलं, भाकऱ्या. ती म्हणाली, कशा करता ते बसून दाखवा.

मला हसू आलं. समोर परात नाही, पीठ नाही, आणि मी खुर्चीत बसून हवेत भाकरी थापायला लागले. दोन-चार थापट्या झाल्या असतील. ती उठून माझ्या मागं आली.

“काकू, थांबा. हलू नका. हा खांदा वर का गेलाय?”

मी खाली बघितलं. डावा खांदा कानापर्यंत उचललेला होता. मान त्याच्यावर कलली होती. फोन माझ्या पर्समध्ये होता, आणि मी तो खांद्यात धरून बसले होते. मी खांदा खाली सोडला, पुन्हा थापायला हात हलवला, तर तो आपोआप वर. माझं अंग माझ्याही नकळत सकाळच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात जाऊन बसलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, अव्वा, वहिनी, स्पीकर. वहिनीच्या माहेरच्या बाईपर्यंत आले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, आमच्याकडेही असंच आहे.

मग तिनं मला आडवं केलं. कवटीच्या खाली, कानाच्या मागून दोन बोटं सरकलं की जी खोलगट जागा लागते, तिथं तिनं अंगठा ठेवला आणि हळूहळू दाबला. काही क्षण काहीच नाही. मग डाव्या डोळ्यामागं ती कळ उठली. तीच, ओळखीची. कानशिलातून जबड्यात उतरली, काढलेल्या दाढेच्या जागेपर्यंत गेली. तिनं अंगठा काढला, कळ ओसरली. पुन्हा दाबला, पुन्हा उठली. हीच का ती, तिनं विचारलं. मी रडत होते. तिला वाटलं जास्त दाबलं गेलं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, अजून एकदा दाब. दुखण्याचा एवढा आनंद मला बाळंतपणातही झाला नव्हता.

तिनं समजावून सांगितलं. मानेचे सगळ्यात वरचे दोन-तीन मणके डोकं तोलतात, वळवतात. त्यांच्यातले सांधे रोज एकाच बाजूला दाबून धरले की ते आखडतात, भोवतीचे स्नायू ताठतात. आणि तिथून येणाऱ्या नसा, आणि चेहऱ्याच्या, डोळ्याच्या, जबड्याच्या नसा, या सगळ्या मेंदूच्या मुळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मग दुखणं नेमकं कुठून आलं याचा मेंदूचा घोटाळा होतो. मान दुखते आणि त्याला वाटतं डोळा दुखतोय, दाढ दुखतेय. शिवाय मान कलती ठेवून बोललं, चावलं की जबडाही एका बाजूनं ओढला जातो. सगळीच डोकेदुखी मानेची नसते, तिनं बजावलं. तुम्ही आधी डोक्याचा फोटो काढून आलात तेच बरं केलंत.

घरी येऊन मी यांना सांगितलं, तर त्यांना ते माझ्याआधी समजलं. म्हणाले, गदगकडची गाडी आन वाडीकडची गाडी, दोन्ही होटगीला मिळत्यात आन पुढं एकाच वाटेनं सोलापुरात येत्यात. स्टेशनवरच्या माणसाला गाडी आली एवढं कळतं, कुठून आली ते पाटी वाचल्याशिवाय कसं कळंल? आणि वर म्हणाले, तू तर पाटी न वाचताच दाढ उपटून घेतलीस. ती दाढ त्यांनी मला अजून माफ केलेली नाही, संधी मिळाली की टोमणा मारतात.

उपचार काही जादूचे नव्हते. ती हातानं सांधे मोकळे करायची, घरी हनुवटी आत ओढायचे व्यायाम, उशी बदलली, जबडा ढिला सोडायचा सराव. कळ लगेच गेली नाही. पण डोळ्यामागं बसायला यायची ती आता उठून जायला लागली. पथ्य मात्र एकच आणि तेच कठीण, की खांद्यात फोन धरायचा नाही. म्हणजे अव्वाचा फोन भाकऱ्या उरकून, हात धुऊन, दहा वाजता. साडेसात ते दहा अव्वा काय करणार, हे मला कळत होतं. ती शेजारच्या दुकानात जाऊन बसणार. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, समोर बसूनच सांगायला हवं होतं. मी कामाला सुट्टी दिली आणि एसटीनं मैंदर्गीला गेले.

जाताना मी खुशीत होते. डोक्यात काही नाही, ही बातमी मी पेढ्यांसारखी बरोबर नेत होते. वहिनी चहा देऊन शेजारी गेली. अव्वा पाटावर बसून तूर निवडत होती, मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. दुखणं, दाढ, माझी भीती, फोटो, रिपोर्ट, मान. उद्यापासून फोन दहाला येईल, घाबरायचं नाही. ती ऐकत होती आणि निवडत होती. रिपोर्टचं ऐकल्यावर तिनं हात जोडून कपाळाला लावले. नंतर सूप बाजूला सारलं.

अव्वाचं साधं बोलणं कानडीत असतं. जे तिला जड जातं ते ती मराठीत बोलते, बहुतेक दुसऱ्या भाषेत बोललं की जरा कमी लागत असावं. तिनं मराठीत विचारलं, “त्या पोरीनं तुजी मान दाबली आन तिला कळलं. मंग थोरलीची मान कुनी दाबून बघितली व्हती का?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या रस्त्यानं मी माझ्याच सुटकेत होते. मी पटकन म्हटलं, नाही अव्वा, तिचं वेगळं होतं. तिची गाठ आत होती, फोटोत दिसली होती, मी पाहिलीय.

“मी तेल लावून रोज दाबत व्हते,” ती म्हणाली. “वरसभर दाबली मान. तिला बरं वाटायचं. म्हनायची, अव्वा, तुज्या हातानं बरं वाटतंय. म्हनून मी तिला सोलापूरला जा म्हनले न्हाई.”

इतक्या वर्षांत हे ती कुणाशीच बोलली नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर ‘बरं’ म्हणून ती जे गिळून बसली होती ते हे होतं. रोज सकाळी मला वहिनीच्या मिठाचं आणि दळणाचं ऐकवताना हेच तिच्या घशात होतं. मी तिला सांगितलं की लवकर गेलो असतो तरी तिचं तेच झालं असतं. डॉक्टर तसंच म्हणाले होते, असंही सांगितलं. खरं तर डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. आम्ही कुणी त्यांना ते विचारलंच नव्हतं, विचारायची आमची छाती नव्हती. मला आजही त्याचं उत्तर माहीत नाही.

अव्वाचा विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. मग ती सरकून माझ्या मागं आली, माझा अंबाडा वर उचलला आणि कवटीखाली बोटं फिरवायला लागली.

“कुटं? हितं?”

मी म्हटलं, “जरा वर. व्हय, हितंच.”

तिनं अंगठा ठेवून दाबला. नेमका त्याच जागी, त्या मुलीपेक्षा थोडा जास्तच जोरात, आणि डोळ्यामागं कळ उठली.

“दुकतंय?” तिनं विचारलं.

बरं वाटतंय, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले.

“दुकतंय अव्वा,” मी म्हटलं. “लई दुकतंय.”

माझ्या पाठीमागं तिनं मोठा श्वास सोडला, आणि अंगठा न काढता ती तशीच बसून राहिली.